विद्यापीठातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती एका जागी का नाहीत?

ठाणे स्टेशनात नऊ-दहा नंबरवरून पनवेलची गाडी पकडली की नेरूळला डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ लागतं, खारघरला टाटा स्मारकचं कर्करोग संशोधन केंद्र आणि सी-डॅक, कामोठ्याला एमजीएमचं आरोग्य विज्ञान अभिमत विद्यापीठ, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था. ठाण्यातच बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. शिवाय बांदोडकर, जोशी-बेडेकरपासून वाशीच्या कर्मवीर भाऊराव पाटील आणि पनवेलच्या चांगू काना ठाकूरपर्यंत वरिष्ठ महाविद्यालयं आहेतच. तासा-दीड तासाच्या या पट्ट्यात शिकवण्याच्या, संशोधनाच्या, प्रयोगशाळेच्या, ग्रंथालयाच्या आणि कार्यालयाच्या मिळून किती जागा असतील, विचार करा. आता इथेच राहणाऱ्या, एमएस्सी किंवा एमए होऊन नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या मागे लागलेल्या कुणालाही विचारा, की यातल्या कुठल्या संस्थेत आज कोणती जागा निघालीये. उत्तर येतं, ‘थांबा हं, ग्रुपवर बघतो.’

ग्रुप म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामचा. कुणीतरी वर्तमानपत्राच्या कोपऱ्याचा वाकडा फोटो टाकतो, त्यात शेवटची तारीख कापली गेलेली असते. दुसरा विचारतो, ‘ही अ‍ॅड कधीची?’ तिसरा सांगतो, ‘गेल्या महिन्यातली आहे, डिलीट कर.’ मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या अशा दोन-तीन ग्रुपमध्ये आहे. तिथली जाहिरात घेऊन कुणी फोन केला, की प्रकल्प कशावर आहे, गाइड कोण आहे, हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न ठरलेला. ‘सर, तिथे आपलं कोणी आहे का?’ प्रश्न विचारणारी मुलगी लबाड नसते. ही व्यवस्था कशी चालते, याचा तिचा अंदाज तेवढा बरोबर असतो.

जागा कमी आहेत, भरती रखडते, सरकार पैसे देत नाही, ही रड सगळ्यांना पाठ आहे आणि ती खोटी नाही. पण त्या रडगाण्याआड एक फार साधी गोष्ट राहून जाते. ज्या थोड्याफार जागा दरवर्षी निघतात, त्यांची खबर सगळ्यांना सारखी मिळत नाही. ज्याचा मामा संस्थेत आहे, ज्याची मॅडम निवड समितीवर बसते, जो आधीच त्या विभागात सहा महिने राबतोय, त्याला आधी कळतं. बाकीच्यांना कळतं तेव्हा अर्ज करण्यात अर्थ उरलेला नसतो. हे सुधारायला नवा निधी लागत नाही, नवा आयोग लागत नाही. सार्वजनिक पैशातून किंवा विद्यापीठाच्या मान्यतेने भरली जाणारी प्रत्येक जागा, मग ती प्राध्यापकाची असो, प्रकल्प सहायकाची असो की प्रयोगशाळा परिचराची, एकाच ठिकाणी, शोधता येईल अशी, तपशिलासकट जाहीर झाली पाहिजे. एवढीच मागणी आहे, आणि ती न होण्याला मला एकही सबळ कारण दिसत नाही.

जाहिरात कशी असते ते एकदा नीट वाचून पाहू. जून-जुलैत वर्तमानपत्रात दोन बोटं रुंदीचा चौकोन येतो. वर संस्थेचं नाव मोठं, खाली महाविद्यालयाचं लहान. मग तक्ता: अनुक्रमांक, संवर्ग, विषय, पदसंख्या, प्रवर्ग. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ओळी. पात्रता आणि वेतन विद्यापीठ अनुदान आयोग, राज्य शासन व विद्यापीठाच्या वेळोवेळीच्या नियमांप्रमाणे. अर्ज संपूर्ण तपशील व सर्व कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून १५ दिवसांत सचिव किंवा प्राचार्यांकडे पोचावेत. राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांनी अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या कक्षाकडे पाठवावी. नोकरीत असलेल्यांनी योग्य मार्गाने अर्ज करावा. आणि शेवटी ठसठशीत: ही जाहिरात विद्यापीठाने मान्य केलेली आहे.

यात काय नाही ते बघा. जागा अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे पुष्कळदा धड कळत नाही, आणि उमेदवाराच्या दृष्टीने सगळा खेळ तिथेच असतो. अनुदानित जागेवर सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, भत्ते धरून लाखाच्या वर जातं आणि ते सरकार देतं. विनाअनुदानित तुकडीवर ‘नियमांप्रमाणे’ म्हणजे संस्थेच्या मनाप्रमाणे. दोन्ही जाहिरातींतलं वाक्य मात्र एकच. जागा किती वर्षं रिकामी होती, तिच्यावर सध्या तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन, कुणी काम करतंय का, कामाचा भार किती, मुलाखतीला किती गुण आणि कागदांना किती, यातलं काहीच नाही. पंधरा दिवसांत हे सगळं समजून घेऊन, झेरॉक्सचा गठ्ठा करून, स्पीड पोस्टने पाठवायचा. असे पन्नास अर्ज करणारे लोक मला माहीत आहेत. प्रत्येकाचं शुल्क वेगळं, नमुना वेगळा, डिमांड ड्राफ्ट कुणाच्या नावे काढायचा तेही वेगळं.

सरकारने २०२१ मध्ये राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ जागा भरायला मान्यता दिली, तेव्हा हा प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसला. मान्यता एका झटक्यात, जाहिराती मात्र ज्या त्या संस्थेने आपापल्या सवडीने दिल्या. कुणी मुंबईच्या पेपरात, कुणी जिल्ह्याच्या पेपरात. कळव्यात राहणाऱ्या उमेदवाराला जालन्याची जागा कळावी तरी कशी? आणि कळली तरी मुलाखतीला रात्रीच्या गाडीने जाऊन समजायचं की ‘त्यांचा’ उमेदवार ठरलेला आहे. अनुदानित जागेचा ‘रेट’ काय चाललाय, ही चर्चा तर कँटीनमध्ये चहा पिता पिता होते, जणू कांद्याचा भाव. जाहिरात एका जागी आली म्हणून हा रेट उद्या शून्यावर येईल, असं मी म्हणत नाही. पण आठ अर्ज आलेल्या जागेवर आपला माणूस बसवणं आणि आठशे अर्ज आलेल्या जागेवर बसवणं यांत फरक असतो. आठशेंमधला एक तरी माहितीच्या अधिकारात गुणांचा तक्ता मागतो.

संशोधनाच्या जागांची तऱ्हा याहून न्यारी. इथे मला खारघरच्या केंद्रासारख्या केंद्रीय संस्थांबद्दल चार बरे शब्द लिहिलेच पाहिजेत. त्यांच्या थेट मुलाखतीच्या जाहिराती संकेतस्थळावर असतात. प्रकल्पाचं नाव, पद, मुदत, दरमहा रक्कम, किती वाजेपर्यंत हजर राहायचं, सगळं लिहिलेलं. सकाळी गेटवर प्लास्टिकच्या फोल्डरवाल्या मुलामुलींची रांग असते, त्यात डोंबिवलीपासून नांदेडपर्यंतचे असतात. पद सहा महिन्यांचं का असेना, माणूस नांदेडहून येतो तो जाहिरात वाचून येतो, कुणाच्या ओळखीने नाही.

विद्यापीठाच्या विभागांत आणि महाविद्यालयांत चालणाऱ्या प्रकल्पांचं तसं नाही. मार्गदर्शक प्राध्यापकाला निधी मंजूर होतो, त्यातून एक कनिष्ठ संशोधक घ्यायचा असतो. विभागाच्या फलकावर एक कागद लागतो, फार तर विद्यापीठाच्या संकेतस्थळाच्या पाचव्या पायरीवर एक स्कॅन केलेली पीडीएफ, जिच्यातला शब्द कुठल्याही शोधात सापडत नाही. मुलाखतीला तिघं येतात. तिघांपैकी दोघं त्याच विभागाचे असतात.

प्राध्यापकाची बाजू मला कळते, कारण ती माझीही आहे. निधीचा हप्ता उशिरा येतो, मार्चअखेर खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, उपकरण चालवता येणारा माणूस उद्या हवा असतो. समोर आपलीच विद्यार्थिनी बसलेली, हुशार, विश्वासाची. अशा वेळी महिनाभर जाहिरात फिरवत बसा असं सांगणारा माणूस शत्रू वाटतो. म्हणून प्रकल्पाच्या जागांना मोठी प्रक्रिया नकोच. दहा दिवसांची नोटीस पुरे, मुलाखत ऑनलाइन चालेल. फक्त ती नोटीस सगळ्यांना दिसेल अशी लागू दे. कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०२३ च्या जानेवारीपासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे आणि वर घरभाडं. हा पैसा करदात्यांचा आहे आणि ऐरोलीतल्या ज्या मुलीने नेट काढलीय, तिचा त्यावर विभागातल्या मुलीइतकाच हक्क आहे. मुलाखत झाल्यावर विभागातलीच सरस ठरली, तर ठरू दे की! प्रकल्प तिलाच माहीत असतो, हा तिचा गुणच आहे. पण ती सरस आहे हे दुसरं कुणी समोर बसल्याशिवाय कळणार कसं?

तासिका तत्त्वाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण तिथे जाहिरात हा प्रकारच जवळपास उरलेला नाही. जूनमध्ये प्राचार्यांचा फोन जातो, ‘येताय ना यंदा?’ की झालं. सीएचबीवर, म्हणजे या तासिका तत्त्वावर, अनुदानित महाविद्यालयात तासाला हजाराच्या आसपास मिळतात, पूर्णवेळ शिक्षकाच्या निम्म्याच्या जवळपासच तास देता येतात, मे महिना कोरडा जातो आणि बिलं निघतात ती काही महिन्यांनी एकदम. स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांवर तर तासाचा भाव ऐकून शिकवणी घेणारा दहावी पास मुलगाही हसेल. ठाण्यात दोन आणि वाशीत एक अशी तीन महाविद्यालयं धरून जगणारे पीएचडीधारक मी रोज बघतो. सकाळी सातचं लेक्चर एकीकडे, साडेअकराचं दुसरीकडे, मधला वेळ लोकलमध्ये पेपर तपासण्यात. त्यांची गैरसोय एवढ्यावर संपत नाही. वर्षानुवर्षं फोनवर लागलेल्या माणसाकडे आपण त्या जागेवर रीतसर निवडलो गेलो होतो, याचा कागदच नसतो. मग नियमित जागा निघते तेव्हा अनुभवाचं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी त्याच प्राचार्यांची मर्जी राखावी लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना नियमितांसारखंच काम करूनही महिना ३० हजारांवर राबवलं जातं, यावर कडक शब्दांत बोट ठेवलं आणि समान कामाला समान वेतनाचा मुद्दा मान्य केला. निकाल गुजरातचा, पण आपल्याकडे कुणीतरी तो घेऊन न्यायालयात जाणारच. जाईल तेव्हा पहिला प्रश्न येईल: तुमची नेमणूक जाहिरात देऊन झाली होती का? ज्याच्याकडे कागद नाही त्याची बाजू तिथेच लंगडी पडते.

शिक्षकेतर जागांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे लपवायलाही काही उरलेलं नाही. आकृतिबंध, म्हणजे किती पदं असावीत याचा आराखडा, मंजुरीच्या फेऱ्यात अडकलेला असतो, तोवर लिपिक, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा सहायक एजन्सीकडून येतात. परीक्षा विभागात दहा वर्षं गुणपत्रिका काढणारा माणूस कागदोपत्री भलत्याच कंपनीचा नोकर असतो. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने एजन्स्यांमार्फत भरतीचा शासन निर्णय काढला, ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला. कागद मागे गेला, पद्धत जागच्या जागी आहे. निदान एजन्सीने भरायची जागाही संस्थेच्या नावाने त्याच यादीत लागली, तर विद्यापीठ प्रत्यक्षात किती माणसांवर चालतं, हे तरी दिसेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पोर्टल काढलं की सगळं अडकतं, शाळांतल्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलचं काय झालं ते बघा. आक्षेप खरा आहे. त्या भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा झाली २०१७ च्या डिसेंबरात, दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात डीएड-बीएड झालेल्यांची वयं निघून गेली. म्हणूनच मी निवड एका जागी आणा असं म्हणत नाही. पवित्रमध्ये निवडच पोर्टलवर नेली, त्यामुळे ते अडलं की सगळी भरती अडली. जाहिरातींच्या यादीत असं काही अडत नाही. यादी एक दिवस बंद पडली तरी संस्थेची मुलाखत ठरल्या दिवशी होईल. केंद्रीय विद्यापीठांसाठी अनुदान आयोगाने २०२३ च्या मे महिन्यात सीयू-चयन नावाचं सामाईक पोर्टल सुरू केलं. तिथे तर अर्जसुद्धा एकाच ठिकाणी करता येतो. राज्यातल्या अकृषी विद्यापीठांना निदान जाहिरातीपुरतं तेवढं जमू नये?

बाहेर याची सवय जुनी आहे. ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाने १९९८ मध्ये विद्यापीठीय नोकऱ्यांची एक ऑनलाइन यादी सुरू केली, जॉब्ज डॉट एसी डॉट यूके. देशभरातली विद्यापीठं पैसे देऊन तिच्यात जाहिरात टाकतात, कारण माणसं तिथेच बघतात. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञापासून विभागप्रमुखापर्यंत सगळं तिथे असतं, पगाराची श्रेणी आणि मुदतीसकट. युरोपीय आयोग संशोधकांसाठी युरॅक्सेस नावाचं असंच पोर्टल चालवतो. माझा एक विद्यार्थी ठाण्यात चरई भागातल्या आपल्या घरी बसून जर्मनीतल्या पीएचडीच्या जागा शोधत होता. विषय टाकला, शहर टाकलं, यादी समोर. मी त्याला सहज म्हटलं, ‘अरे, कलिन्यात मुंबई विद्यापीठात आपल्या विषयात काही निघालंय का बघ ना.’ तो म्हणाला, ‘सर, बघू कुठे?’ त्याला फ्रायबुर्गची जागा घरबसल्या कळत होती आणि कलिन्याची कळण्यासाठी कलिन्याला जाऊन फलक बघावा लागणार होता. पुढे तो जर्मनीला गेला. त्याला ब्रेन ड्रेन म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरा आक्षेप खाजगी संस्थांचा. आम्ही सरकारचा पैसा घेत नाही, आम्हाला सक्ती कशाला? याला उत्तर द्यायला फार वेळ नको. अनुदान आयोगाची २०१८ ची विनियमावली थेट भरतीसाठी अखिल भारतीय जाहिरात आणि रीतसर निवड समिती सांगते, आणि अभिमत विद्यापीठंही तिच्या बाहेर नाहीत. स्वतःच्या संकेतस्थळावर ‘करिअर’ नावाचं पान ठेवायचं आणि त्यावर वर्षभर ‘सर्व विषयांत सर्व पदं, बायोडेटा पाठवा’ असं लिहून ठेवायचं, याला अखिल भारतीय जाहिरात म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. बायोडेटा कुठल्या विहिरीत पडतो, हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही.

काही सहकारी मला सांगतात, हे कुलपतींच्या पातळीवर, मंत्रालयात, कायदा दुरुस्त करून व्हायला हवं. होईल तेव्हा होवो. मला मात्र परत परत त्या जाहिरातीची शेवटची ओळ आठवते: विद्यापीठाने मान्य केलेली जाहिरात. म्हणजे संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकाच्या जागेची बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा क्रम, तपासून, मसुदा वाचून, त्यावर शिक्का मारून विद्यापीठ ती परत पाठवतं, मगच ती छापली जाते. पुढे निवड झाल्यावर नेमणुकीला मान्यताही विद्यापीठच देतं. ती नसेल तर त्या शिक्षकाचा अनुभव धरला जात नाही. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सगळ्या जिल्ह्यांतल्या जाहिराती आजच मुंबई विद्यापीठातल्या एका टेबलावरून जातात. त्या टेबलावरच्या माणसाने शिक्का मारल्यावर तोच मसुदा, विषय, तालुका, अनुदानित की विनाअनुदानित आणि शेवटची तारीख एवढे चार रकाने भरून एका पानावर चढवायचा आहे. आणि परिपत्रकात एक वाक्य घालायचं आहे, की त्या पानावर जाहिरात न लागता झालेल्या नेमणुकीला, तासिका तत्त्वावरची असली तरी, मान्यता मिळणार नाही. प्रकल्पाच्या जागांसाठी हाच नियम विद्यापीठाचा वित्त विभाग लावू शकतो. पानावरचा क्रमांक दाखवल्याशिवाय पहिल्या महिन्याचं बिल पास करायचं नाही. परिपत्रक काढायला कुलसचिवांची सही लागते, आणि येत्या जूनच्या जाहिराती अजून छापल्या गेलेल्या नाहीत.